शेक दुप्पट केल्याने बुडालेला दिवस भरून येत नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात गेल्या आठवड्यात परभणी जिल्ह्यातल्या एका तरुणाचं पत्र छापून आलं. त्याच्या आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग आहे. शेक, म्हणजे किरणांचे उपचार, चालू आहेत. गाव ते दवाखाना, एसटीने जाऊन-येऊन रोजचे सहा तास. मधे घरातल्या लग्नापायी पाच शेक बुडाले. परत गेल्यावर त्याने हात जोडून सांगितलं, की आता रोज दोन शेक एकदम द्या आणि आम्हाला लवकर मोकळं करा. दवाखान्याने नाही म्हटलं. मशीन दोन मिनिटं चालतं, त्यासाठी माणसाला पंचवीस वेळा कशाला बोलावता, इंग्लंडात पाच शेकांत काम भागतं आणि इथे गरिबाची अडवणूक होते, असं त्याने लिहिलं आहे.

ते पत्र मी तीनदा वाचलं. केज तालुक्यातल्या खेड्यातून शिकून मी रेडिओथेरपी तंत्रज्ञ झालो आणि ३१ वर्षं त्या मशीनच्या बटणापाशी बसलो. सुरुवात कोबाल्टच्या जुन्या मशीनवर, शेवटची वर्षं लिनॅक या विजेवर चालणाऱ्या नव्या मशीनवर. शेक किती आणि कसा द्यायचा ते डॉक्टर आणि किरणांचा हिशोब मांडणारे फिजिसिस्ट ठरवतात. पण पेशंटला टेबलावर घ्यायचं, त्याच्या अंगावरच्या खुणा प्रकाशाच्या रेघांशी जुळवायच्या, जड दार लावायचं आणि बटण दाबायचं, हे माझं काम होतं. "भाऊ, दोन-दोन करून टाका की," हे मी नांदेडच्या माणसाकडून ऐकलं, हिंगोलीच्या ऐकलं, माझ्या सख्ख्या चुलतभावाकडून ऐकलं. पुढचा पेशंट दारात उभा असायचा. "तसं चालत नाही," एवढंच मी सांगत आलो. का चालत नाही ते समजावून सांगायला लागणारी दहा मिनिटं मला त्या खोलीत कधी मिळाली नाहीत. ती आज आपल्याकडे मागतो.

आधी या शब्दाविषयी. आपल्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट, कुणी वीज. शेक म्हटलं की डोळ्यांपुढे चूल येते. जाळ वाढवला की भाकरी लवकर भाजते, तशी शेक वाढवला की गाठ लवकर जळेल, असं वाटणं साहजिक आहे. पण यात उष्णता जवळजवळ नाहीच. किरणांचा डोस ग्रे या एककात मोजतात. शरीराच्या एक किलो भागात एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. रोजचा नेहमीचा शेक साधारण २ ग्रेचा असतो. तेवढ्याने अंग एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही तापत नाही. किरणं जाळत नाहीत, तोडतात. पेशीच्या पोटात जो धागा असतो, ज्याच्या आधाराने एका पेशीच्या दोन पेशी होतात, तो धागा ती तोडतात. धागा दोन पिळांचा आहे. एक पीळ तुटला तर पेशी दुसऱ्या पिळाकडे पाहून काही तासांत तो सांधते. दोन्ही पीळ जवळजवळ एकाच जागी तुटले, तर सांधणं अवघड होतं आणि पेशी पुढे वाढू शकत नाही.

ही सांधण्याची ताकद निरोगी पेशींत चांगली असते, कर्करोगाच्या बहुतेक गाठींत कच्ची असते. रोज थोडा शेक आणि मधे रात्रभराची सवड, ही सगळी पद्धत या एका फरकावर उभी आहे.

ही पद्धत मेंढ्यांवरून सापडली, हे आपल्या भागातल्या धनगर बांधवांना सांगावंसं मला नेहमी वाटायचं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे पॅरिसमध्ये क्लोदियस रेगो नावाचे शास्त्रज्ञ होते. मेंढ्याच्या वृषणात बीजपेशी सतत, भराभर वाढत असतात, जशा गाठीत वाढतात. वरची कातडी मात्र साधी, निरोगी. रेगोंनी पाहिलं, की एकाच दमात किरणं देऊन मेंढा वांझ करायचा म्हटलं तर कातडी भयंकर सोलून निघते. तेच किरण वाटून, काही दिवसांत थोडे थोडे दिले, तर मेंढा वांझ होतो आणि कातडी तगते. त्याच संस्थेतले डॉक्टर आंरी कुतार यांनी हे गळ्याच्या कर्करोगाच्या माणसांवर लागू केलं आणि कित्येक आठवडे रोज थोडा शेक देऊन गळ्याच्या गाठी बऱ्या करून दाखवल्या. त्याआधी एकदाच मोठा मारा करायची रीत होती. गाठ विरघळायची, पण बरोबर भोवतालचं मांसही जायचं. रोज बोलावण्यात दवाखान्याचा काही डाव असता, तर त्याला शंभर वर्षांपूर्वीच्या मेंढ्याची साक्ष लागली नसती.

आता दोन शेक एकत्र केले तर नेमकं काय होतं, ते आकड्यांत सांगतो. हे मला आमच्या फिजिसिस्ट मॅडमनी एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी पेशंटच्या जुन्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवलं होतं, आणि ते कार्ड मी अजून जपून ठेवलं आहे.

किरणांचा मार दोन वाटांनी बसतो. एका वाटेने डोस दुप्पट केला तर मार दुप्पट. दुसऱ्या वाटेने, म्हणजे दोन तुटणं एकत्र आल्यामुळे बसणारा मार, डोस दुप्पट केल्यावर चौपट. कुठल्या अवयवात कुठली वाट जास्त चालते, हे सांगणाऱ्या आकड्याला अल्फा-बीटा म्हणतात. घशाच्या, तोंडाच्या, गर्भपिशवीच्या तोंडाच्या गाठींसाठी तो साधारण १० धरतात. जे अवयव उशिरा दुखावतात, म्हणजे मज्जारज्जू, मूत्राशय, गुदाशय, जबड्याचं हाड, कातडीखालचं मांस, यांच्यासाठी साधारण ३, मज्जारज्जूसाठी त्याहूनही कमी. आकडा जितका लहान, तितका तो अवयव मोठ्या शेकाला घाबरतो.

हिशोब असा: शेकाच्या डोसला या आकड्याने भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि त्याला पुन्हा डोसने गुणायचं. २ ग्रेचा एक शेक गाठीला २.४ इतका मार देतो, मूत्राशय-गुदाशयाला ३.३. दोन दिवसांत दोन शेक म्हणजे गाठीला ४.८ आणि मूत्राशयाला ६.७. आता तेच ४ ग्रे एकदम द्या. गाठीला ५.६ आणि मूत्राशयाला ९.३. म्हणजे गाठीवरचा मार वाढला सतरा टक्क्यांनी आणि चांगल्या अवयवावरचा वाढला चाळीस टक्क्यांनी. दोन-दोन करून टाकायचे म्हणजे हा सौदा. एक-दोनदा नाही, उरलेल्या प्रत्येक दिवशी.

यात फसायला होतं ते वेळेमुळे. शेकाचा त्रास दोन प्रकारचा असतो. एक लगेच दिसणारा: तिसऱ्या आठवड्यात तोंड येणं, कातडी काळी पडून सोलणं, जुलाब. हा त्रास ज्या पेशी भरभर वाढतात त्यांचा. शेक संपले की महिना-दीड महिन्यात त्या भरून येतात. शेक मोठे करून संख्या कमी केली तरी हा त्रास फारसा वाढत नाही, म्हणून पेशंटला, घरच्यांना आणि कधीकाळी डॉक्टरांनाही वाटलं, की झेपतंय. दुसरा त्रास सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, पाच वर्षांनीही उगवतो. लघवीतून, संडासातून रक्त जातं. जबड्याचं हाड कुजतं. कातडीखालचं मांस चामड्यासारखं घट्ट होतं. आणि तो भरून येत नाही. जगभरातच एके काळी छातीच्या (स्तनाच्या) कर्करोगाला आठवड्यातून थोडेच, पण मोठे शेक द्यायची लाट आली होती. कातडी तेव्हा ठीक दिसली. पुढच्या काही वर्षांत त्यातल्या कित्येक बायकांची छाती आखडली आणि हाताच्या नसा दुखावल्या. मी नोकरीला लागलो तेव्हा अशा जुन्या उपचाराची एक मावशी तपासणीला यायची. उजवा हात तिला डोक्यापर्यंत नेता येत नसे. कपाळावरचं कुंकू ती डाव्या हाताने लावायची. मोठ्या शेकाचं नाव काढलं की मला तो डावा हात आठवतो.

मग इंग्लंडात पाच शेकांत होतं ते काय? तेही खरं आहे, आणि त्या तरुणाने वाचलं ते चुकीचं नाही. अर्धं आहे. ते छातीच्या, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचं आहे. स्तनाच्या गाठीचा तो अल्फा-बीटा आकडा दहाच्या आसपास नाही, तीन-चारच्या घरात निघाला. म्हणजे ही गाठही मोठ्या शेकाला निरोगी मांसासारखीच घाबरते. मग संख्या कमी करून शेक थोडा मोठा केला तरी गाठ निसटत नाही, फक्त एकूण डोस खाली आणावा लागतो. ब्रिटनमध्ये आधी २५ शेकांत ५० ग्रे ऐवजी १५ शेकांत ४० ग्रे देऊन पाहिलं, दहा वर्षं पेशंट तपासले, आणि ते टिकलं. आता आपल्याकडेही पुष्कळ केंद्रांत स्तनाला १५ शेकच देतात. त्यानंतर फास्ट-फॉरवर्ड नावाची चाचणी झाली, ४,०९६ पेशंटची, पाच वर्षांचे निकाल २०२० साली प्रसिद्ध झाले. तिच्यात तीन गट होते: १५ शेकांत ४० ग्रे, पाच शेकांत २७ ग्रे आणि पाच शेकांत २६ ग्रे. गाठ आटोक्यात ठेवायला तिन्ही सारखे ठरले. पण पाच वर्षांनी तपासलं तेव्हा छातीचं मांस आखडणं, आकसणं असा ठळक त्रास ४० ग्रेच्या गटात शंभरात सुमारे दहा जणींना, २६ ग्रेच्या गटात बारा जणींना आणि २७ ग्रेच्या गटात पंधरा जणींना होता. म्हणून २६ घेतला, २७ सोडला.

संपादक महोदय, एका ग्रेचा फरक. अख्ख्या आठवड्यात मिळून एक ग्रे, म्हणजे रोजच्या नेहमीच्या शेकाचा अर्धा. तेवढ्याने पाच वर्षांनंतरच्या बाईचं दुखणं बदलतं. पाच शेकांत पन्नास ग्रे कुणी कोंबलेले नाहीत. ५० चे २६ केले, हजारो बायकांवर मोजून, सावकाश केले. "मोबाईलवर आलंय" म्हणून तो आकडा गर्भपिशवीच्या तोंडाला किंवा घशाला लावता येत नाही. त्या गाठींचा हिशोब वेगळा आहे, त्यांच्या शेजारचे अवयव वेगळे आहेत.

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, गाठीचं तर आणखी निराळं. तिचा आकडा इतका लहान धरतात, की मोठा शेक शेजारच्या गुदाशयापेक्षा गाठीलाच जास्त बोचतो. म्हणून तिथे ३७ शेकांऐवजी २० शेक देऊन तेवढाच गुण आला. आणि हाडात पसरलेल्या कर्करोगाचं दुखणं कमी करायचं असेल, तर ८ ग्रेचा एकच शेक, दहा शेकांतल्या ३० ग्रेइतकाच आराम देतो. पुन्हा शेक द्यावा लागण्याचं प्रमाण एका शेकानंतर जास्त असतं, हे खरं. पण सेनगावकडून जीपच्या मागच्या बाजूला गादीवर निजवून आणलेल्या आजोबाला दहा दिवस रोज हलवायचं की एकदाच, यात मला कधी संशय वाटला नाही. अशा पेशंटला दहा वेळा बोलावत असतील, तर नातेवाइकांनी डॉक्टरांना नम्रपणे जरूर विचारावं, की एकात भागेल का. स्तनाच्या पेशंटला पंचवीस वेळा बोलावत असतील, तर पंधरात होईल का, हेही विचारावं. एसटीच्या दहा फेऱ्या वाचणं आमच्या भागात लहान गोष्ट नाही. शेक कमी करता येतात का, हा त्या तरुणाचा प्रश्न योग्यच आहे. आईच्या आजारापुरतं त्याचं उत्तर 'नाही' असं आहे, एवढंच.

आता कुणी म्हणेल, गर्भपिशवीच्या तोंडाला नंतर जो आतला शेक देतात, तो एकेक ७ ग्रेचा असतो, तो कसा चालतो? हे मला एका ऊसतोड करणाऱ्या बाईने विचारलं होतं. शाळा चौथीपर्यंतची, पण कार्डावरचे आकडे ती स्वतः वाचायची. प्रश्न शंभर नंबरी आहे. बाहेरचा शेक ओटीपोटातून आरपार जातो. वाटेत आतडं, मूत्राशय, गुदाशय सगळ्यांना लागतो. आतल्या शेकात किरणं सोडणारा कण बारीक नळीतून थेट गाठीच्या पोटात नेऊन ठेवतात. कंदिलाजवळचं पुस्तक वाचता येतं आणि दोन हात लांबचं दिसत नाही, तसं कणापासून दूर जाताना डोस झपाट्याने उतरतो. गाठीला ७ ग्रे मिळतो, मूत्राशयाला त्याहून कितीतरी कमी. मोठा शेक द्यायला हरकत नसते, हरकत असते तो चांगल्या अवयवाच्या वाट्याला मोठा होऊन जाण्याला. फुप्फुसातल्या लहानशा गाठीला नव्या मशीनवर तीन-चार मोठ्या शेकांत बरं करतात, तेही याच न्यायाने. नेम मिलिमीटरचा असावा लागतो.

आपल्या बायकांच्या या आजाराबद्दल लिहिताना एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका एका मोठ्या अभ्यासात सहभागी झाल्या होत्या. एकदा केलेल्या एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या, तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला त्यांच्यावरून कळलं. आपल्या गावांतल्या बायकांनी जगाला एवढं दिलं, आणि त्यांच्याच लेकी-सुनांना आज पंचवीस दिवस राहायला एक खोली मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता बुडालेल्या दिवसांचं सांगतो. इथे माझा हात थोडा थबकतो.

माझ्या चुलतभावाला जिभेच्या मुळाशी गाठ होती. ३५ शेक, रोज २ ग्रे, सात आठवडे. माझ्याच मशीनवर. तोंडावर जाळीचा साचा बसवताना तो माझा हात घट्ट धरायचा. १९ शेक झाले आणि मृगाचा पाऊस पडला. "दोन दिवसांत सोयाबीन टाकून येतो," म्हणून गेला, तो बाराव्या दिवशी आला. गाठ हाताला मऊ लागत होती, गिळता येत होतं, त्याला वाटलं आपण बरे झालो. मला म्हणाला, "आता राहिलेले दोन-दोन करून टाक. तुझ्याच हातात हाय की बटण. कामून थांबायलास?"

चार आठवडे मार खाल्ल्यावर घशा-तोंडाच्या गाठीतल्या उरलेल्या पेशी जाग्या होऊन पूर्वीपेक्षा जोरात वाढायला लागतात. वखरणी अर्ध्यावर सोडलेल्या रानात हराळी जशी पहिल्यापेक्षा दाट उठते, तसं. १९८८ साली विदर्स नावाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे निकाल गोळा करून मांडलं, की अशा गाठींत साधारण चौथ्या आठवड्यानंतर रोज सुमारे ०.६ ग्रे निव्वळ या नव्या वाढीला पुरे पडण्यात खर्ची पडतात. माझ्या भावाचे बारा दिवस. बारा गुणिले ०.६ म्हणजे ७.२ ग्रे. साडेतीन शेकांहून जास्त कमाई शेतातच वाहून गेली होती. वरून गाठ मऊ लागत होती, आत पेरणी सुरू होती.

डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं. शनिवारीही शेक दिले. आठवड्यातून दोन दिवस सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन शेक दिले, मधे सहा तासांहून जास्त अंतर ठेवून, म्हणजे चांगल्या पेशींना सकाळचं सांधून घ्यायला वेळ मिळावा. शेवटी दोन शेक वाढवले. एकदम दुप्पट मात्र एकदाही नाही. त्या वर्षाच्या शेवटी गाठ पुन्हा आली आणि पुढच्या आषाढीच्या आत तो गेला. त्या बारा दिवसांनीच नेलं असं मी म्हणत नाही, तसं कुणालाच सांगता येणार नाही. पण पाऊस पडला त्या दिवशी त्याच्या बांधावर जाऊन मी पेरणीला दुसरा माणूस लावून दिला नाही, हे मी विसरू शकत नाही. मला हा हिशोब माहीत होता. त्याला माहीत नव्हता.

उलट बाजूचा पुरावाही आहे. डेन्मार्कमध्ये १,४७६ पेशंटवर झालेली, २००३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. घशा-तोंडाच्या कर्करोगाला तेवढेच शेक, तेवढाच डोस, फक्त आठवड्याला पाचाऐवजी सहा, म्हणजे उपचार एक आठवडा आधी संपले. पाच वर्षांनी गाठ आटोक्यात राहिलेले शंभरात ६० होते, ते ७० झाले. औषध नवीन नाही, मशीन नवीन नाही. एक शनिवार.

गर्भपिशवीच्या तोंडासाठी तर सगळे शेक, बाहेरचे आणि आतले मिळून, आठ आठवड्यांच्या म्हणजे ५६ दिवसांच्या आत संपले पाहिजेत, असा नियम जगभर पाळतात. पुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ ताब्यात राहण्याची शक्यता शेकडा अर्ध्या ते एक टक्क्याने उतरते. हा आकडा आमच्याकडे कुठल्याच पेशंटच्या कार्डावर छापलेला मी पाहिला नाही.

दिवस बुडतात ते पेशंटच्या हौसेने बुडत नाहीत. मी पाहिलेली कारणं: पोळा, पेरणी, सोयरिकीतलं लग्न, टोळी निघाली म्हणून मुकादमाचा निरोप, कारण उचल आधीच घेतलेली असते. २०२०चं लॉकडाऊन. २०२१च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळलेला एसटीचा संप. त्या काळात तीन-चार पेशंट दुधाच्या टेम्पोने यायचे, बाकीचे आलेच नाहीत. आणि दिवस दवाखान्यामुळेही बुडतात. मी काम केलेल्या एका केंद्रात मशीन एकदा बारा दिवस बंद पडलं. चाळीसेक पेशंटना "फोन करू" म्हणून घरी पाठवलं. शंभर-दीडशे किलोमीटरवर दुसरं मशीन चालू होतं, तिथे कुणाला पाठवायचं याची यादी केली गेली नाही. घशाचे आणि गर्भपिशवीचे पेशंट आधी, हाडाच्या दुखण्याचे नंतर, इतकी साधी विभागणीही झाली नाही. मी तोंडी बोललो, लेखी दिलं नाही. द्यायला हवं होतं.

मशीन बंद पडलं तर पहिल्याच दिवशी अशी यादी व्हावी आणि ज्यांच्या गाठी थांबत नाहीत त्यांची दुसरीकडे सोय लावून द्यावी, एवढं प्रत्येक केंद्राने ठरवून टाकावं, अशी माझी मागणी आहे. सुट्टीच्या आठवड्यात शनिवारी मशीन चालवावं. आणि जिल्हा प्रशासनाने, बाजार समित्यांनी, संस्थानांनी, ज्यांच्याकडे भक्तनिवास आणि मंगल कार्यालयं लग्नसराई सोडून ओस पडलेली असतात त्यांनी, शेकाच्या पेशंटला आणि एका सोबत्याला सात आठवडे निजायला जागा द्यावी. उपचाराचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागतो, एसटीला सवलत आहे, पण रोज सहा तास धक्के खात येणारी बाई पंधराव्या दिवशी थकून घरी थांबते, ते तिकिटाच्या पैशांमुळे नव्हे. तिला आडवं व्हायला जागा पाहिजे असते.

परभणीच्या त्या भावाला मी आपल्या मार्फत सांगतो. आईच्या कार्डावर पहिल्या शेकाची तारीख आहे. त्या दिवसापासून ५६ दिवस कॅलेंडरवर मोजून काढ आणि ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांना भेट. शनिवारी शेक मिळेल का विचार. सहा तासांच्या अंतराने दिवसात दोन शेक आईला झेपतील का विचार. आतले शेक बाहेरच्यांच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू करता येतील का, हेही विचार. दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, राहायच्या जागेचं त्यांना विचारायला संकोच करू नकोस. आईच्या पोटावरच्या खुणा आंघोळीत घासू देऊ नकोस. आणि येत्या सोमवारी पहिल्या गाडीने तिला घेऊन निघ. पोचल्यावर शेकाच्या आधी सांगतील तितकं पाणी तिला पाज आणि लघवी रोखून धरायला सांग. मूत्राशय भरलेलं असलं की आतडं वर सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं.

आपला,
एक निवृत्त रेडिओथेरपी तंत्रज्ञ
ता. केज, जि. बीड